वाचकावांचून वाङ्मय

काव्य, कादंबरी, नाटक, चरित्र यांचें परीक्षण करण्याची मासिकांची वहिवाट जुनी आहे. परंतु आपल्या मध्यम स्थितीच्या सुशिक्षित घरांतून आजकाल ज्या वाङ्मयप्रकाराची पैदास झपाट्यानें होत आहे, त्याकडे वाङ्मयाच्या टीकाकारांचें लक्ष जावें तितकें गेलेलें नाहीं. हा प्रकार म्हणजे शोधनिबंध. घरांतील मुलगा इंजिनियरिंगच्या शेवटच्या वर्षांत असतो, सून एखाद्या कॉलेजांत अध्यापिका असते, जांवई नोकरी संभाळून व्यवस्थापनशास्त्रांत डॉक्टरेट मिळविण्याच्या खटपटींत असतो; आणि या तिघांनाहि केव्हां ना केव्हां 'पेपर' छापावयाचा असतो. तो छापला म्हणजे घरीं पेढे येतात, नातेवाइकांस वार्ता जाते. मात्र तो निबंध घरांत कोणी वाचीत नाहीं, आणि कोणीं वाचावा अशी लिहिणाराचीहि फारशी इच्छा नसते. बाहेर तो कोणी वाचतो काय, हा प्रश्न कोणाच्या मनांत येत नाहीं. तोच प्रश्न आज आम्ही येथें विचारणार आहों.

यंत्रांतलें व संगणकांतलें तुम्हां साहित्यवाल्यांस काय कळतें, असें आम्हांस कोणी म्हणेल. निबंधांतील गणिताचा खरेखोटेपणा ठरविणें हें त्या त्या शास्त्रांतील जाणत्यांचें काम आहे. तो अधिकार आम्ही मागत नाहीं. परंतु लेखन म्हटलें कीं सांगणारा, ऐकणारा आणि सांगावयाची गोष्ट हीं तीन आलींच. यांतील एकहि नाहींसें झालें तर भाषेवर त्याचा परिणाम झाल्यावांचून राहत नाहीं, आणि भाषेवर झालेला परिणाम ओळखणें हा तर टीकाकाराचा धंदाच आहे. पुढें सांगावयाच्या हकीकतींत मोठमोठ्या परीक्षक-मंडळांच्या नजरेंतून सुटलेली लबाडी केवळ शब्दांकडे नीट पाहणाऱ्या माणसांनीं पकडली आहे, हें वाचकांच्या लक्षांत येईलच.

प्रथम या निबंधांच्या राहण्याच्या जागेकडे पाहूं. 'इंजिनियरिंग, संगणन व व्यवस्थापन यांतील अद्ययावत संशोधन' अशा धर्तीचीं लांबलचक नांवें धारण करणारीं नियतकालिकें आज पुष्कळ झालीं आहेत. नांवांत 'आंतरराष्ट्रीय' हा शब्द बहुधा असतोच. असा एखादा अंक उघडावा, तों पहिला निबंध राख मिसळलेल्या काँक्रीटवर, दुसरा पानांच्या छायाचित्रांवरून पिकावरील रोग ओळखण्यावर, तिसरा एखाद्या बँकेंतील नोकरांच्या समाधानावर. गांवच्या वाण्याच्या दुकानांत जिरें, खिळे, केरसुण्या आणि पाटी-पेन्सिली एकाच फळीवर असतात, तसा हा प्रकार. वाण्याचें त्यांत कांहीं चुकत नाहीं, कारण गांवांत दुकान एकच असतें. परंतु काँक्रीटचा जाणकार, पिकांचा जाणकार आणि बँकेचा जाणकार हे एकच मासिक वाचीत बसतील, ही गोष्ट संभवनीय दिसत नाहीं. मग हें मासिक कोणासाठीं निघतें? उत्तर बहुतेक वेळां एकच मिळतें: ज्यांचे निबंध त्यांत छापावयाचे आहेत त्यांच्यासाठीं. छापण्याची रक्कमहि तेच भरतात.

तरीहि तीन शास्त्रें एकत्र आणणें हेंच मुळीं अशास्त्रीय आहे, असा ग्रह करून घेणें अन्यायाचें होईल. याच तीन शास्त्रांच्या संगमावर कांहीं अत्यंत सुंदर निबंध लिहिले गेले आहेत, आणि त्यांतील एकाशीं वाचकांची ओळख करून दिल्यावांचून पुढें जाववत नाहीं.

१९६१ सालीं 'ऑपरेशन्स रिसर्च' या नियतकालिकांत जॉन लिटल या अमेरिकन पंडिताचा एक निबंध प्रसिद्ध झाला. पानें अवघीं पांच, विषय रांगेचा. सिद्धांत इतकाच कीं, एखाद्या जागीं सरासरीनें किती माणसें असतात ती संख्या, तेथें दर तासास येणारीं माणसें आणि प्रत्येकाचा तेथें सरासरी जाणारा वेळ, यांच्या गुणाकाराबरोबर असते. दवाखान्याचें उदाहरण घ्या. तासास १२ रोगी येतात, आणि आल्यापासून औषध घेऊन बाहेर पडेपर्यंत प्रत्येकाचा सरासरी अर्धा तास जातो. तर आंत सरासरीनें ६ माणसें असणार. रोगी घोळक्यानें येवोत कीं एकएकटे येवोत, डॉक्टर क्रमानें तपासोत कीं ओळखीच्यांस आधीं आंत घेवोत. येण्याचा वेग व थांबण्याची सरासरी तीच राहिली कीं ६ हा आंकडा हलत नाहीं. मात्र हिशेब घटकाभराचा न धरतां दीर्घ काळाच्या सरासरीचा धरावा लागतो.

हें तर पोरासहि समजेल, त्यांत सिद्ध काय करावयाचें, असें वाटण्याचा संभव आहे. लोकांनाहि तसेंच वाटत होतें, आणि सूत्र खरें धरून ते बिनदिक्कत वापरीत होते. लिटल हे तेव्हां क्लीव्हलंड येथें हा विषय शिकवीत असत. एका विद्यार्थ्यानें विचारलें कीं, हें सूत्र सर्वसाधारण रीतीनें सिद्ध करणें कितपत कठीण आहे? फारसें कठीण नसावें, असें गुरुजी म्हणाले. मग तुम्हीच तें करून दाखवा, असें शिष्य म्हणाला. त्या खटपटींतून तीं पांच पानें जन्मास आलीं. प्रश्न कोणी तरी खरोखर विचारला होता आणि उत्तराची खरोखर वाट पाहत होता, ही गोष्ट त्या निबंधाच्या प्रत्येक ओळींत जाणवते. आणि सूत्राचा संचार केवढा! कारखान्यांत तेंच सूत्र अर्धवट तयार झालेल्या मालास लागूं पडतें: उत्पादनाचा वेग तोच ठेवून माल लवकर बाहेर पडावा अशी इच्छा असेल, तर मध्यें पडून राहिलेला माल कमी केला पाहिजे. संगणकांत तें उत्तराची वाट पाहत थांबलेल्या मागण्यांस लागतें. बँकेंत गिऱ्हाइकांस, बंदरांत जहाजांस. इंजिनियरिंग, संगणन व व्यवस्थापन हीं तीन येथें एका फळीवर मांडून ठेवलेलीं नसून एका विचारानें बांधलीं गेलीं आहेत. लिटल २०२४ सालीं वयाच्या ९६ व्या वर्षीं वारले. त्यांचें सूत्र मात्र आजहि जगांतील कारखान्यांत आणि संगणकगृहांत रोज वापरलें जातें.

आतां दुसरी बाजू. २००५ सालीं अमेरिकेंतील एम्. आय्. टी. या विख्यात संस्थेंतील तीन विद्यार्थ्यांनीं एक आज्ञावली तयार केली. तिचें काम असें कीं, कळ दाबतांच संगणकशास्त्रावरील एक निबंध आपोआप तयार व्हावा; शीर्षक, गोषवारा, आकृत्या, आलेख आणि संदर्भांची यादी सगळें कांहीं असावें, आणि अर्थ कांहींहि नसावा. अशा एका निबंधाचें शीर्षक मराठींत सांगावयाचें तर 'प्रवेशस्थानें व द्विरुक्ति यांच्या नमुनेदार एकीकरणाची पद्धति' असें कांहींसें होईल. हा निबंध फ्लॉरिडांत भरणाऱ्या एका परिषदेकडे पाठविला, आणि तो स्वीकारला गेला! तो परीक्षकांकडून तपासून न घेतांच स्वीकारलेला होता, आणि बोभाटा झाल्यावर परिषदेनें स्वीकृति मागें घेतली. येथपर्यंत हा विद्यार्थ्यांचा विनोद होता. परंतु ती आज्ञावली सर्वांस खुली होती, आणि विनोद न कळणारे लोक जगांत कमी नाहींत. २०१४ सालीं सिरिल लाबे या फ्रेंच संशोधकाच्या तपासणींतून असें बाहेर आलें कीं, त्याच आज्ञावलीनें प्रसवलेले १२० हून अधिक निबंध स्प्रिंगर व आय्. ई. ई. ई. या दोन नामांकित प्रकाशन-संस्थांच्या संग्रहांत प्रतिष्ठितपणें विराजमान झालेले आहेत. ते काढून टाकावे लागले. याच लाबे यांनीं पूर्वीं २०१० च्या सुमारास आणखी एक मौज करून दाखविली होती. एक काल्पनिक लेखक निर्माण करून त्याच्या नांवें असे शेंकडाभर निरर्थक निबंध त्यांनीं रचविले आणि त्यांना एकमेकांचे दाखले देण्यास लावले. तेव्हां गूगलच्या गणतींत तो न जन्मलेला पंडित जगांतील अत्यंत उद्धृत अशा संशोधकांच्या पंक्तीस जाऊन बसला.

यंत्रानें निरर्थक लिहिलें यांत यंत्राचा दोष नाहीं. आश्चर्य हें कीं, स्वीकारणारांपासून छापणारांपर्यंत एकाहि माणसानें पहिला परिच्छेद वाचला नाहीं. कारण वाचला असता तर दुसऱ्याच वाक्यास तो थबकला असता.

यापुढील पायरी अधिक चतुर आहे. दुसऱ्याचा निबंध चोरला तर चोरी पकडणारीं यंत्रें आहेत. म्हणून चोरलेल्या निबंधांतील शब्द एका आज्ञावलीकडून पालटून घ्यावयाचे. ही आज्ञावली कोशांत पाहून प्रत्येक शब्दास दुसरा शब्द बसविते. परंतु कोणता शब्द पारिभाषिक आहे आणि कोणता साधा, हें तिला कळत नाहीं. कल्पना करा, श्री. सहस्रबुद्धे या गृहस्थांचा उल्लेख कोणी 'श्री. हजारअकले' असा करूं लागला, तर जसें होईल तसें हें होतें. इंग्रजींत कृत्रिम बुद्धिमत्तेस जें ठरलेलें नांव आहे त्याच्या जागीं 'बनावट जाणीव' अशा अर्थाचे शब्द आले. 'क्लाउड कॉम्प्युटिंग' म्हणजे दूरच्या संगणकांवर काम चालविण्याची जी पद्धति, तिची 'धुक्याची आकडेमोड' झाली. संदेशाचें गोंगाटाशीं प्रमाण ही इंजिनियरिंगमधील रोजची परिभाषा. तिचें रूपांतर 'झेंड्याचें कोलाहलाशीं प्रमाण' असें झालें. 'बिग डेटा'ची तर 'अवाढव्य माहिती' झाली, पण ही त्यांतल्या त्यांत सोज्ज्वळ म्हणावयाची.

२०२१ सालीं गियोम काबानाक, सिरिल लाबे व अलेक्झांडर मागाझिनोव्ह या तिघांनीं अशा शब्दप्रयोगांस 'छळलेले शब्द' असें समर्पक नांव दिलें आणि ते हुडकण्यास आरंभ केला. एल्सेव्हियर या मोठ्या प्रकाशन-संस्थेच्या 'मायक्रोप्रोसेसर्स अँड मायक्रोसिस्टिम्स' या नियतकालिकांतच त्यांना असे निबंध ढिगानें सांपडले. पुढें २०२३ सालीं तर वायली या कंपनीनें, दोन वर्षांपूर्वीं विकत घेतलेल्या हिंदावी या प्रकाशन-संस्थेच्या नियतकालिकांतून ८,००० हून अधिक निबंध रद्द केले, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस हिंदावी हें नांवहि यापुढें न वापरण्याचें जाहीर केलें. त्या रद्द झालेल्या निबंधांत संगणनावरील व त्याच्या इतरत्र होणाऱ्या उपयोगांवरील निबंधांचा भरणा मोठा होता. एका मालकाच्या घरांतून एका वर्षांत इतका कचरा निघाला. तो तेथें जमा होईपर्यंत घरांतल्या कोणास वास आला नाहीं, हें विशेष.

येथें एक गोष्ट आम्हांस आवर्जून नमूद करावीशी वाटते. वर सांगितलेल्या तिघांपाशीं मोठी प्रयोगशाळा नव्हती, कीं चोरट्यांची कबुली नव्हती. त्यांनीं निबंध वाचले. एखादा शब्द कानास खटकला तेव्हां तो तसाच सोडून न देतां पुन्हां वाचला. कवितेंतील एखादें विशेषण ओढून ताणून आणलेलें आहे हें ज्या कानानें कळतें, त्याच कानानें 'धुक्याची आकडेमोड' पकडली. साहित्याचा अभ्यास संसारांत काय कामाचा, असें विचारणाऱ्या पालकांनीं याची नोंद घ्यावी.

हा रोग आपल्याकडे कसा फैलावला, हें समजण्यास फार दूर जावें लागत नाहीं. २०१० सालीं विद्यापीठ अनुदान आयोगानें अध्यापकांची नेमणूक व बढती यांकरितां गुणांची एक पद्धति घातली. निबंध छापला कीं गुण. पुस्तक छापलें कीं गुण. परिषदेस गेलें कीं गुण. निबंधांत काय आहे हें पाहण्यास वेळ लागतो, अक्कल लागते, प्रसंगीं वाईटपणाहि घ्यावा लागतो. निबंध मोजण्यास यांपैकीं कांहींच लागत नाहीं. ज्या कॉलेजांत प्रयोगशाळा नाहीं, ग्रंथालयांत नवीं नियतकालिकें येत नाहींत आणि दिवसाचे चार-पांच तास शिकविण्यांत जातात, तेथील अध्यापकानेंहि तितकेच निबंध काढावेत, अशी अपेक्षा झाली. मागणी उत्पन्न झाली, तसा पुरवठाहि झाला. पैसे भरतांच आठ दिवसांत निबंध छापून देणारीं मासिकें भूछत्रांसारखीं उगवलीं. पुढें कोणतें मासिक ग्राह्य समजावें याची यादी आयोगानें केली. त्या यादींत विद्यापीठांच्या शिफारशीनें आलेल्या १,००९ नियतकालिकांची छाननी भूषण पटवर्धन व त्यांचे सहकारी यांनीं केली, आणि २०१८ सालीं 'करंट सायन्स'मध्यें प्रसिद्ध केली. शेंकडा ८८ हून अधिक नियतकालिकें हलक्या प्रतीचीं ठरलीं! त्याच वर्षाच्या मे महिन्यांत आयोगानें ४,३०५ नियतकालिकें यादींतून वगळलीं. नंतर नवी यादी करण्याचें काम सुरूं झालें, त्याचें केंद्र आपल्या पुणें विद्यापीठांतच होतें. आणि २०२५ च्या फेब्रुवारींत ती यादीहि बंद केल्याचें आयोगानें जाहीर केलें. मध्यंतरीं २०२२ च्या नियमांनीं डॉक्टरेटचा प्रबंध सादर करण्यापूर्वीं निबंध छापलाच पाहिजे ही सक्ति उठली, हें एक चांगलें झालें. पण संवय एकदां लागली कीं नियम उठल्यानें सुटत नाहीं. पदवीच्या मुलांकडूनहि आतां निबंध छापवून घेतले जातात. पैसे अर्थात् वडिलांचे.

अशा अध्यापकास आम्ही सर्वस्वी दोष देऊं इच्छीत नाहीं. पोट व बढती यांसाठीं माणूस जें करतो त्यापेक्षां, तें करावयास लावणाऱ्यांचा न्याय आधीं व्हावा. परंतु या व्यवहारांत जो बळी पडतो तो सहसा दिसत नाहीं, म्हणून त्याचा उल्लेख करतों. एखादी हुषार मुलगी वर्षभर खपून पुलाच्या सांध्यावर थोडेसे पण खरे प्रयोग करते. तिचा निबंध आणि आठ दिवसांत छापून आणलेला निबंध गुणांच्या तक्त्यांत सारखेच भरतात. तिनें पुढच्या वर्षीं काय करावें?

व्यवस्थापनशास्त्राची गोष्ट थोडी निराळी आहे. तेथें भाषा सहसा छळलेली नसते. तेथें आंकडे मात्र एका निबंधांतून दुसऱ्यांत वंशपरंपरेनें चालत जातात. आपल्या घरचेंच उदाहरण घेऊं. मुंबईचे डबेवाले १ कोटि ६० लक्ष डब्यांत एकच चूक करतात, आणि म्हणून 'सिक्स सिग्मा' ही जगांतील श्रेष्ठ गुणवत्तेची पदवी त्यांना 'फोर्ब्स' मासिकानें दिली, हें विधान न वाचलेला मराठी माणूस विरळा. अभिमानानें आपण तें पाहुण्यांस सांगतों. आतां या आंकड्याचा जन्म पाहा. १९९८ सालीं सुब्रत चक्रवर्ती यांनीं 'फोर्ब्स'मध्यें डबेवाल्यांवर लेख लिहिला. डबेवाल्यांच्या प्रमुखांस त्यांनीं विचारलें कीं, चूक कितीदां होते? उत्तर मिळालें, जवळजवळ कधींच नाहीं. फार तर दोन महिन्यांतून एकदां. चक्रवर्तींनीं गुणाकार केला: दररोज सुमारें १ लक्ष ७५ हजार डबे, दोन महिन्यांचे कामाचे दिवस, म्हणजे साधारण ८० लक्ष डब्यांस एक चूक, आणि डबा परतहि जातो म्हणून दुप्पट, १ कोटि ६० लक्ष. 'सिक्स सिग्मा' हा शब्द आपण मुळींच वापरला नव्हता आणि 'फोर्ब्स'नें तशी कोणतीहि पदवी दिलेली नाहीं, असा खुलासाहि पुढें त्यांनींच केला.

म्हणजे ज्या आंकड्यावर शोधनिबंधांच्या प्रस्तावना उभ्या आहेत, तो कोणीं मोजलेला नाहीं. एका प्रामाणिक गृहस्थानें अजमासानें दिलेल्या उत्तराचा तो गुणाकार आहे. डबेवाल्यांचें कर्तृत्व यानें तसूभरहि कमी होत नाहीं. झांकणावरील रंगाच्या खुणांवरून, चालत्या गाड्यांतून, घड्याळाच्या कांट्यावर हजारों डबे योग्य दारीं पोंचविणारीं हीं माणसें आम्हांस तितकींच आदरणीय आहेत. परंतु त्यांचा आदर करावयाचा तर त्यांचें काम नीट पाहावें. पंचवीस वर्षें एकच आंकडा उतरवून घेणें हा आदराचा प्रकार आम्हांस कळत नाहीं. त्यांच्यावर निबंध लिहिणाऱ्यांनीं पेनानें हा आंकडा लिहितांना स्टेशनावर जाऊन एक आठवडाभर तरी मोजावें, असें मनांत आणलें असतें तर व्यवस्थापनशास्त्रास एक खरा निबंध मिळाला असता.

परदेशांतहि या शास्त्राची स्थिति फार वेगळी आहे असें नाहीं. २०१२ सालीं अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या मुखपत्रांत एक निबंध आला: कागदाच्या तळाशीं सही घेण्याऐवजीं आरंभीं घेतली तर लोक अधिक खरें लिहितात, असा त्याचा निष्कर्ष. विषय प्रामाणिकपणाचा! २०२० सालीं स्वतः लेखकांनींच हा परिणाम पुन्हां दिसत नाहीं असें प्रसिद्ध केलें. २०२१ सालीं 'डेटा कोलाडा' या नांवानें लिहिणाऱ्या तीन प्राध्यापकांनीं त्यांतील मोटारींच्या विम्याची मूळ माहिती तपासली. गाड्या किती मैल चालल्या याचे आंकडे त्यांत होते. हजार मैल चाललेल्या गाड्या जितक्या, तितक्याच जवळजवळ चाळीस हजार मैल चाललेल्या. आणि ५०,००० मैलांपाशीं आंकडे एकदम तोडल्यासारखे थांबत होते. खऱ्या माणसांच्या गाड्या अशा चालत नाहींत. थोडें हिंडणारे, मध्यम हिंडणारे आणि क्वचित् फार हिंडणारे असा त्यांचा चढउतार असतो. माहिती बनावट होती. निबंध त्याच वर्षीं रद्द झाला. तोंपर्यंत नऊ वर्षें तो वर्गांत शिकविला जात होता व सरकारी कचेऱ्यांना सल्ला म्हणून सांगितला जात होता.

आजवर भाषा चुगली करीत असे. यापुढें ती करीलच असें नाहीं. २०२२ च्या अखेरीस संभाषण करणारीं यंत्रें सर्वांच्या हातीं आलीं. त्यांचें इंग्रजी गुळगुळीत असतें. बुद्धिमत्तेची 'बनावट जाणीव' तीं करीत नाहींत. ज्यांची मातृभाषा इंग्रजी नाहीं अशा खऱ्या संशोधकास त्यांचा उपयोग आहे, आणि तो त्यानें केला तर आम्ही नाक मुरडणार नाहीं. परंतु २०२४ च्या मार्चमध्यें लोकांच्या नजरेस आलेला एक नमुना पाहण्यासारखा आहे. 'सर्फेसेस अँड इंटरफेसेस' या नियतकालिकांत लिथियमच्या विद्युत्घटांवर एक निबंध आला. त्याच्या प्रस्तावनेचें पहिलेंच वाक्य अशा आशयाचें होतें कीं, 'अवश्य, आपल्या विषयासाठीं ही एक संभाव्य प्रस्तावना देतों'. यंत्रानें नम्रपणें दिलेला जबाब निबंधांत जसाच्या तसा उतरला होता! हें वाक्य शेवटच्या पानावरील तळटीपेंत लपलेलें नव्हतें; तें प्रस्तावनेच्या आरंभीं होतें. लेखक एकाहून अधिक. त्यांवर परीक्षक, संपादक, मुद्रितें तपासणारे. इतक्या जणांच्या हातांखालून तें गेलें. तो निबंध पुढें रद्द झाला. घाईंत राहून गेलेलें एक वाक्य म्हणून त्यावर हंसून मोकळें होणाऱ्यांस आम्ही एवढेंच विचारतों, कीं तें वाक्य पुसलें गेलें असतें तर राहिलेला निबंध कोणीं वाचला असता?

घरोघरच्या वाचकांच्या हातीं यावर कांहीं उपाय आहे काय? आहे, आणि तो फार खर्चाचा नाहीं. मुलाचा किंवा सुनेचा निबंध छापून आला म्हणजे पेढा हातीं घेण्यापूर्वीं एकच विचारावें: 'यांत कोणत्या प्रश्नाचें उत्तर आहे, तें मराठींत सांग पाहूं.' विषय गहन असेल तर उत्तर आपणांस कळणार नाहीं. ट्यूरिंगनें १९३६ सालीं गणनेच्या मर्यादांवर जो निबंध लिहिला त्याची सिद्धता स्वयंपाकघरांत सांगतां येणार नाहीं, हें खरें. परंतु त्याचा प्रश्न सांगतां येतो: ठरीव रीतीनें चालणाऱ्या यंत्रास सोडवितांच येणार नाहींत असे प्रश्न आहेत काय? लिटलचा प्रश्न तर दवाखान्यांत बसलेल्या आजीसहि सांगतां येतो. ज्या निबंधाचा प्रश्नच लेखकास आपल्या आईच्या भाषेंत सांगतां येत नाहीं, तेथें परिभाषेची अडचण पुढें केली जाते. आम्हांस ती बहुधा प्रश्नाच्या अभावाची वाटते.

आणि डबेवाल्यांचा तो निबंध अद्याप लिहावयाचा राहिलाच आहे. २०२० च्या टाळेबंदीनंतर त्यांचा व्यवसाय पुष्कळ आटला, त्यामुळें मोजणी एका परीनें सोपी झाली आहे. मुंबईच्या एखाद्या कॉलेजांतील चार विद्यार्थ्यांनीं डबेवाल्यांच्या संमतीनें चर्चगेट व दादर येथें दोन महिने उभें राहावें. आधीं चूक कशास म्हणावयाचें तें ठरवावें: डबा भलत्याच दारीं गेला तर ती चूक आहेच, पण अर्धा तास उशिरा पोंचला तर? परत येतांना झांकण बदललें तर? गिऱ्हाईक त्या दिवशीं कचेरींतच आलें नाहीं तर? मग मोजावें, आणि जें निघेल तें लिहावें. एक चूक निघो, दहा निघोत, कीं शंभर निघोत. तो निबंध आमच्याकडे धाडल्यास याच पानांतून त्याचें परीक्षण आम्ही आनंदानें करूं.